जुन्या गाडीचं सनरूफ: सांभाळायचं की सिलिकॉन मारून बंद करायचं?

पावसाळ्यात छतातून पाणी टपकलं की गॅरेजवाला सुचवतो, "सिलिकॉन मारून कायमचं बंद करून टाकू." काम झटपट होतं, खर्चही किरकोळ. पण दोष बहुतेकदा काचेच्या रबराचा नसतोच. रबरातून थोडंफार पाणी आत येतंच. ते काचेखालच्या पन्हळीत जमून कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे, छताला आधार देणाऱ्या खांबांमधून गाडीखाली जातं. पानांचा चुरा, धूळ अडकली की नळी तुंबते आणि पाणी थेट छताच्या कापडात मुरतं.

म्हणून मी नळ्या साफ करण्याच्या बाजूने आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवायची, मग पन्हळीत कपभर पाणी ओतून ते खाली पडतंय का बघायचं. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतला जोड निसटू शकतो. काच ज्यांवर सरकते त्या रुळांवरचं काळं, चिकट झालेलं ग्रीस पुसून नवं लावा. रबराला मात्र सिलिकॉन ग्रीसच. पेट्रोलियमच्या ग्रीसने ते फुगू शकतं.

बंद करणं मला एकाच परिस्थितीत पटतं: रूळ तुटलेत आणि सुटे भाग मिळतच नाहीत. तेव्हाही आधी नळ्या मोकळ्या करा. सिलिकॉनला भेग पडून पाणी आत साचलं, तर पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून काही कळतही नाही.