299 रुपयात 50 ट्युलिप! घेणार असाल तर आधी हे वाचा

दसरा झाला की फेसबुक-इन्स्टावर त्या जाहिराती परत सुरू होतात. 'हॉलंडचे ओरिजिनल ट्युलिप बल्ब, 50 चा पॅक, फक्त 299, कॅश ऑन डिलिव्हरी', आणि फोटोत निळे, काळे, एकाच फुलात सात रंग असलेले ट्युलिप. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाच्या मनात मागवायचं असेल तर दोन मिनिटं थांबा.

आमच्या जाऊबाई काश्मीरला जाऊन आल्या, श्रीनगरचं दल लेकजवळचं ट्युलिप गार्डन बघून आल्या आणि तेव्हापासून घरात एकच विषय. मी ऑर्डर करायच्या आधी जाहिरातवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारलं होतं की आमच्या बेळगावच्या हवेत येतात का. उत्तर आलं, 'हां मॅम, ऑल इंडिया क्लायमेट, हंड्रेड परसेंट फ्लॉवरिंग'. पार्सल आलं तर डिलिव्हरीवाला पोरगा म्हणतोय, पैसे दिल्याशिवाय फोडता येत नाही ताई. त्याचा काय दोष म्हणा. बॉक्सवर पाठवणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्यापेक्षा वेगळंच, पत्ता म्हणजे नुसतं कुठल्यातरी गोडाऊनचं नाव.

आत काय, तर शेंगदाण्यापेक्षा जरा मोठे असे काळपट गड्डे, निम्मे वाळलेले, आणि त्यात चक्क काही लालसर सांबार कांदे मिसळलेले. एक कापून बघितला तर कांद्याचाच वास की! लगेच फोटो पाठवले. तिकडून अगदी गोड आवाजात व्हॉइस मेसेज, 'मॅम, ये बेबी बल्ब है, लगाइये, स्प्रिंग तक वेट कीजिए'.

इथंच सगळी मेख आहे बघा. मोबाईल खराब निघाला तर त्याच दिवशी कळतं, साडीचा रंग गेला तर पहिल्या धुण्यात कळतं, पण कंद खरा की खोटा ते फूल येईपर्यंत सिद्धच करता येत नाही. तोवर तीन-चार महिने जातात, रिटर्नची मुदत कधीच संपलेली असते, आणि फूल नाही आलं की दोष तुमच्या मातीचा, तुमच्या पाण्याचा, तुमच्या हवेचा. म्हणूनच हे लोक कंद विकतात.

तरी लावले. कांद्यांना पात आली, ती सासूबाईंनी झुणक्यात घातली, तेवढेच काय ते पैसे वसूल. बाकीच्यांना गवतासारखी बारीक बारीक पानं आली. शेजारच्या अक्का कुंपणावरून बघून हसल्या, 'इदु नम्म हित्तलदाग ऐत्री', म्हणजे हे आमच्या परसात आहे की! आणि खरंच, वळवाचा पहिला पाऊस पडला आणि गुलाबी फुलं आली, साधी रेन लिली. आमच्या अनगोळात दर दुसऱ्या कंपाउंडला आहे, मागितली तर कुणीही ओंजळभर उपटून देईल. वाईट नाही दिसत, पण ती ट्युलिप म्हणून विकायची म्हणजे कमाल आहे.

नंतर मी जरा खोलात जाऊन माहिती काढली. ट्युलिपचा फूल देणारा चांगला गड्डा घेराला 12 सेंटीमीटर किंवा त्याच्या वर असतो, शिवणाची टेप गुंडाळून बघता येतं, वर टोक, अंगावर तपकिरी कागदासारखं साल, आणि हाताला घट्ट लागला पाहिजे. विकणारा साइजच सांगत नसेल तर तिथंच सोडून द्यायचं. खरा निळा ट्युलिप जगात नाही, निळा म्हणून विकतात तो जांभळा असतो, आणि सातरंगी तर निव्वळ फोटोशॉप. दुसरं म्हणजे थंडी. ट्युलिपच्या गड्ड्याला 12 ते 16 आठवडे 9 अंशाच्या खालची थंडी लागते, तेव्हा कुठं फूल येतं. श्रीनगरला ती आपोआप मिळते. आपल्याकडं बेळगावात जानेवारीतसुद्धा रात्रीचं 13-14 च्या आसपास, दुपारी चांगलं ऊन. म्हणजे अगदी खरा गड्डा पाठवला असता तरी आधी थंडीत ठेवलेला नसेल तर नुसती पानंच आली असती. फ्रिजमध्ये ठेवता येतो, पण सफरचंद-केळ्यांजवळ नाही, पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्यानं आतली कळी मरते. आणि हिशोब करा, हॉलंडहून माल आणायचा म्हणजे इम्पोर्ट परमिट, प्लँट क्वारंटाईन, कोल्ड स्टोरेज, एवढं सगळं करून सहा रुपयाला एक कुणाला परवडेल हो?

पैसे परत मागायला लागल्यावर आणखी एक नाटक. 'रिफंड के लिए क्यूआर स्कॅन करके पिन डालिए'. हे तर अजिबात करू नका, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की जातात ते तुमचेच. मी नाही म्हटल्यावर ब्लॉक केलं. त्यांच्या साइटवर कंपनीचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी काहीच नाही, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हे सगळं द्यावंच लागतं. तुमच्या बाबतीत असं झालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा, आणि पिन-ओटीपीतून खात्यातले पैसे गेले तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, बॉक्सवरचं लेबल आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा, माझ्याकडं व्हिडिओ सोडून सगळं होतं म्हणून तक्रार तरी नोंदवता आली.

कंदाचीच हौस असेल तर आपल्या हवेत निशिगंध आहे, ग्लॅडिओलस आहे, मे फ्लॉवरचा तो लाल चेंडू तर एकदा लावला की वर्षानुवर्षं येतो. घ्यायचे तर जवळच्या नर्सरीत जाऊन हातात धरून, दाबून बघून घ्या. अक्कांनी मला मे फ्लॉवरचे दोन गड्डे असेच दिले, फुकट.

पैसे अजून आले नाहीत. ते पेज बंद झालंय, पण तोच फोन नंबर असलेलं दुसरं पेज परवा जाऊबाईंच्या मोबाईलवर दिसलं, आता 399 ला पिओनीचे कंद, त्याही निळ्या.