कुपवाडची जुनी शेड घेताना: फेज वन पुरे की फेज टूही हवं?

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत जुनी शेड घेणारा टायटल सर्च करतो, ट्रान्सफरची परवानगी बघतो, थकीत वीजबिल तपासतो. जमिनीच्या पोटात काय मुरलंय, हे फारच थोडे बघतात. ते बघायचे दोन टप्पे आहेत: फेज वन आणि फेज टू. कुठे थांबायचं, हे सौद्याच्या रकमेवर ठरवू नका. त्या जागेत आधी काय चालायचं, त्यावर ठरवा.

फेज वनमध्ये कागद, पाहणी आणि चौकशी. एकही खड्डा नाही, एकही नमुना नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकतं. सातबारा आणि फेरफार मालकी सांगतात, धंदा सांगत नाहीत. खरी माहिती मिळते ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या संमतिपत्रांत: उत्पादन कोणतं, सांडपाणी किती, घातक कचरा किती. त्याला घातक कचऱ्याचे फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट (कचरा कुठे पाठवला त्याची नोंद) लावून बघा. संमतिपत्रात दरवर्षी काही टन प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याच्या कामाचा) गाळ लिहिलाय आणि मॅनिफेस्ट एकही नाही, तर तो गाळ गेला कुठे? बऱ्याचदा मागच्या कंपाउंडलाच. गूगल अर्थवर जुनी चित्रं मागे नेऊन बघितली की भराव कधी पडला तेही कळतं.

प्रत्यक्ष पाहणीत प्लेटिंगच्या टाक्यांखालची फरशी बघा. ॲसिडने खाल्लेलं काँक्रीट, प्लिंथवर चढलेले पिवळे डाग, टाकीपासून गटारापर्यंत गेलेली भेग, ही क्रोमियम झिरपल्याची खूण असू शकते. फौंड्रीच्या प्लॉटवर मुरुमाखाली ओतकामाची काळी वाळू निघते का, ते बघा. हरिपूरच्या बाजूला जागा असेल तर बुजवलेली हळदीची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) कुठे होती आणि कशाने बुजवली, हे शेजाऱ्यांना विचाराच. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ साली प्लॉटमध्ये शिरला होता का, हाही प्रश्न घ्या, कारण पुराबरोबर शेजारच्या कारखान्याचं तेलही येतं.

फेज टूमध्ये ड्रिलिंग आणि लॅब. रिपोर्ट हातात यायला महिना-दीड महिना धरा, आणि खर्चही कितीतरी जास्त. इथे चुका जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली चूक: फेज वन टाळून थेट बोअर मारणं. संशयाची जागाच माहीत नसेल तर बोअर कुठे घेणार? छोट्या प्लॉटवरही टाकी, गटार, भंगाराची जागा आणि कचऱ्याचा कोपरा धरून चार-पाच ठिकाणं निघतात.

दुसरी चूक: स्वच्छ कोपऱ्यातला नमुना न घेणं. आपली जमीन बेसॉल्टची. तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं निसर्गतःच बऱ्यापैकी असतं. तुलनेला स्वच्छ नमुना नसेल तर एकूण क्रोमियमच्या आकड्याने उगाच घाबरायला होतं. हेक्झाव्हॅलंट हा क्रोमियमचा प्रकार वेगळा तपासायला सांगा. विषारी ते आहे. पाण्यातल्या हेक्झाव्हॅलंटचा नमुना थंड ठेवून २४ तासांत तपासावा लागतो. लॅब पुण्यात असेल तर शनिवारी दुपारी बाटली भरू नका.

तिसरी चूक: जुन्या खोल बोअरवेलचं पाणी तपासून समाधान मानणं. त्या पाण्यात खालच्या फटींतलं पाणी मिसळून दोष पातळ होतो. मुरूम आणि फुटक्या कातळापर्यंत वेगळी निरीक्षण विहीर घ्या, वरून बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या मातीने) सील करा आणि साचलेलं पाणी तीनदा उपसून मग नमुना घ्या. मे महिन्यात ती कोरडी निघू शकते. पावसाळ्यानंतरची वेळ बरी. लॅबला त्या-त्या चाचणीची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, तेही आधी विचारा.

आमचं मत स्पष्ट आहे. हळद, बेदाणा किंवा किराण्याचं गोडाऊन होतं आणि फेज वन साफ निघालं, तर तिथेच थांबा. प्लेटिंग, फौंड्री, रंगकाम, केमिकल, जुना पेट्रोल पंप किंवा ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती असेल तर फेज टू सोडू नका. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये नियम काढलेत आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकलाय. पण बंद पडलेल्या फर्मचे भागीदार शोधणार कुठे? प्लॉट तर तुमच्या ताब्यात.

विसार देण्याआधीच साठेखतात कलम घाला: तपासणीसाठी ६० दिवस, ड्रिलिंगला परवानगी, आणि दोष निघाला तर विसार परत. नंतर विक्रेता बोअर मारू देत नाही. जमिनीखालची डिझेलची टाकी सापडली म्हणून सौदा मोडायचं कारण नाही. ती काढून, तेलकट माती उचलून नेण्याचा खर्च किमतीतून वळता करता येतो. पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कातळातल्या पाण्यात उतरलं असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो प्लॉट घेऊ नका.