‘अभिनंदन, आपल्या मुलीची निवड झाली आहे’

अठ्ठावीस वर्षं मी सहकारी बँकेच्या काउंटरवर बसते आहे. ओटीपी कुणाला सांगू नका, ओळख नसलेल्या खात्यात पैसे टाकू नका, हे पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजोबांना मी दिवसातून दहा वेळा बजावते. आणि मीच १,८८,००० रुपये चार हप्त्यांत एका परक्या खात्यात भरले. कुणी हॅक केलं नाही, कुणी लिंक पाठवली नाही. दर वेळी ओटीपी मीच टाकला. घरात यावर बोलणं सुरू व्हायलाच दोन महिने गेले, म्हणून लिहायला इतका उशीर.

लेक सतरा वर्षांची, तेव्हा अकरावीत होती. जर्मन शिकते, ए-टूची, म्हणजे दुसऱ्या पायरीची, परीक्षा झाली आहे. जानेवारीत शाळेच्या जुन्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक फिरत आलं. मे महिन्यात सोळा दिवस ब्रेमेनला सांस्कृतिक आदानप्रदान. जर्मन कुटुंबात राहायचं, चार दिवस तिथल्या शाळेत बसायचं, आपल्या मुलांनी लेझीम करून दाखवायची, रांगोळी शिकवायची. जागा वीस, निवड मुलाखतीतून. मी फोन केला तर पलीकडचे सर म्हणाले, "ताई, औंधला ब्रेमेन चौक आहे ना? तेच ब्रेमेन. पुण्याचं जुनं नातं आहे त्यांच्याशी."

चौक खराच आहे, दोन शहरांचं नातंही खरं आहे. तेवढ्यावर मी बाकीचं सगळं खरं धरलं.

मुलाखत रविवारी, कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. मुलांच्या छातीला नंबर लावलेले. बाहेर आम्ही तीसेक पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हातात चहा आणि खारी. "तुमची काय करते?" "भरतनाट्यम. तुमचा?" "तबला, पण यंदा अभ्यासामुळे मागे पडलाय." प्रत्येकाला वाटत होतं की आपलं लेकरू जरा कमीच पडेल. लेक बाहेर आली आणि म्हणाली, "आई, त्यांनी मला जर्मनमधून एक शब्द विचारला नाही." मी म्हटलं, "अगं, त्यांना संस्कृती बघायची असेल, भाषा नाही."

आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आम्ही खरे फसलो ते त्या हॉलमध्ये. एरवी भाजीवाल्यालाही चार प्रश्न विचारणारे आम्ही. पण एकदा मुलाखत द्यायला रांगेत बसलो की विचारणारे ते आणि उत्तरं देणारे आपण, असं ठरून जातं. नंतरसुद्धा काही शंका विचारायची झाली की मनात यायचं, सरांना राग आला आणि जागा दुसऱ्याला दिली तर? वेटिंग लिस्टचा उल्लेख ते दर फोनमध्ये करायचे. लेकीची निवड झाल्याचा मेल चौथ्या दिवशी आला. निवड सगळ्यांचीच झाली होती, हे आम्हाला एप्रिलअखेर कळलं. मेल आला त्या संध्याकाळी मी पेढे आणले, आणि नणंदेला फोन करून सांगितलं तेव्हा तर परतीचे दोरच कापले.

नोंदणीचे ५,००० मुलाखतीआधीच गेले होते. निवडीनंतर ६०,०००. मार्चमध्ये व्हिसा आणि विम्याचे म्हणून २८,०००. एप्रिलमध्ये तिकिटाचे ९५,०००. सगळे एकदम मागितले असते तर आम्ही दोघं रात्रभर हिशेब करत बसलो असतो. हप्त्यात मागितले की आधीचे वाया जातील या भीतीने पुढचे जातात.

पहिल्या मोठ्या हप्त्याला मी अडखळले होते, ते सांगायला हवं. त्यांनी पाठवलेलं खातं बचत खातं होतं, संस्थेच्या नव्हे तर कुठल्या तरी बाईंच्या नावाचं. मी विचारलं. सर म्हणाले, "ताई, ट्रस्टचं करंट खातं ऑडिटमुळे सध्या बंद ठेवलंय. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला वेगळं काय सांगायचं!" ऑडिट चाललं म्हणून कुणाचं खातं बंद होत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे. पण "तुम्ही बँकेतल्या" ऐकलं आणि मी शहाण्यासारखी गप्प बसले.

मग ब्रेमेनच्या कुठल्याशा मंडळाचं निमंत्रणपत्र आलं, रंगीत शिक्क्यासकट. लेकीने ते दोनदा वाचलं. "आई, यात चुका आहेत." जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू करतात, वाक्याच्या मधलं असलं तरी. हे पहिल्या महिन्यात शिकवतात म्हणे. त्या पत्रात अर्धी नामं छोट्या अक्षरात होती. मी म्हटलं, "टाइप करणाऱ्याची घाई झाली असेल. तू काय त्यांना जर्मन शिकवणार आहेस का?" हे वाक्य मला अजून टोचतं. पैशांपेक्षा जास्त.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, निघायला सतरा दिवस उरलेले असताना, डबा खाताना शाखेतल्या मैत्रिणीने सहज विचारलं, "मग फिंगरप्रिंट कुठे दिले?" तिचा मुलगा गेल्या वर्षी पॅरिसला जाऊन आलेला. मी म्हटलं, "द्यावे लागत नाहीत, ग्रुप व्हिसा आहे." तिचा हात घासासकट तसाच राहिला.

जर्मनी, फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं मला तेव्हा काही माहीत नव्हतं, आता तोंडपाठ आहे. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला पहिल्या वेळी अर्ज केंद्रात स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. ग्रुप असला तरी ज्याची त्याची बोटं. मूल अठराच्या आतलं असेल तर अर्जावर पालकांची सही लागते. आमची कुणी घेतलीच नव्हती. अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी जायला हवा. मोठ्यांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि शिक्षणासाठी थोड्या दिवसांकरता जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते माफही असतं. आमच्या सहलीला ती सवलत लागली असती की नाही ते सोडा, पण ९० युरो आणि विम्याचे मिळून २८,००० कसे होतात, हे एकाही पालकाने विचारलं नाही. तुमच्या मुलाला कुणी नेणार असेल आणि तारीख जवळ आली तरी ठशांसाठी बोलावणं आलं नसेल, तर बाकी काही बघू नका. व्हिसा नाहीये.

त्या रात्री मी आणि हे लॅपटॉप घेऊन बसलो. तिकिटाच्या पीडीएफवर सहा अक्षरांचा पीएनआर होता. आला त्या दिवशी यांनी विमान कंपनीच्या साइटवर बघितलं होतं, बुकिंग दिसलं होतं. आता दिसेना. पैसे न भरता काही दिवसांसाठी जागा धरून ठेवता येते, त्यालाही पीएनआर मिळतो, आणि मुदत संपली की ते आपोआप रद्द होतं. पैसे भरलेल्या तिकिटाला वेगळा १३ आकडी क्रमांक असतो. आमच्या कागदावर तो कुठेच नव्हता. मग पावती काढली. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. बोट ठेवून मोजले, चौदा भरले. महाराष्ट्राचा संकेतांक २७ मात्र सुरुवातीला बिनचूक होता, एवढी मेहनत घेतली होती बिचाऱ्याने. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस हा कर घेऊन सरकारकडे भरावा लागतो, तो आपल्या प्राप्तिकराच्या नोंदीत दिसतो. माझ्या नोंदीत काही नव्हतं. शेवटी लेकीने निमंत्रणपत्रावरचा पत्ता काढला. ब्रेमेनचे पिनकोड २८ ने सुरू होतात. पत्रावरचा १० ने. ते बर्लिन झालं.

या सगळ्याला पाऊण तास लागला. हाच पाऊण तास जानेवारीत काढता आला असता. जीएसटी पोर्टलवर लॉगिनसुद्धा लागत नाही.

सकाळी बाणेरला त्यांच्या ऑफिसात गेलो. ते रोजंदारीवर टेबलं देणारं ठिकाण निघालं, यांचं टेबल महिन्यापूर्वीच सुटलेलं. सरांचा फोन बंद. रिसेप्शनवरच्या मुलाने आतून एक जाड पाकीट आणून दिलं, "कुणी आलं तर द्या म्हणाले होते." पासपोर्ट होते, सगळ्यांचे, रबरबँड लावून. फसवून जाणाऱ्याने एवढं का केलं असेल, मला आजही कळलेलं नाही. कदाचित पासपोर्टच्या भानगडीत पडायची भीती.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला तेव्हा शेवटच्या हप्त्याला नऊ दिवस झाले होते. या हेल्पलाइनचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत. आमचा पळून गेला होता. सगळ्या पालकांचे मिळून त्या खात्यात ११,४०० रुपये गोठले, तेही लगेच सुटणार नाहीत. सायबर पोलिसांकडचा तरुण अधिकारी सभ्य होता. नोकरीचा रकाना भरताना मात्र क्षणभर थांबला. "मॅडम, बँकेत?" मी हो म्हटलं. भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) या फसवणुकीच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला.

वीस घरांपैकी तक्रार द्यायला नऊच आली. एक बाबा म्हणाले, "नातेवाइकांत कळलं तर काय तोंड दाखवायचं?" एका आईने रागाच्या भरात ग्रुप सोडला आणि सगळं चॅट पुसून टाकलं. तिच्याकडे आता बँकेच्या नोंदीपलीकडे काही नाही. चॅट पुसू नका, कितीही संताप आला तरी. आणि एकमेकांना विचारून पाहिलं तेव्हा कळलं की मी शेजारच्या काकूंच्या भरवशावर होते, त्यांचा भाचा "तिकडे जाऊन आलाय" म्हणून. भाचा कुठेही गेलेला नव्हता, त्याचीही फक्त निवड झाली होती. काकू माझ्या भरवशावर होत्या, मी बँकेत म्हणून.

जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. १९७४ मध्ये ज्या पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली, त्या पुण्यातले आम्ही, आणि पावतीवरची अक्षरं मोजली नाहीत. समोरचा सापडला तर आदेशाचा उपयोग. वकील काही आशा लावत नाहीत.

पोलिसांना द्यायच्या फायलीत निमंत्रणपत्राची प्रत जोडायची होती. मी लेकीकडे मागितली तर तिने जी आणून दिली ती लाल पेनाने भरलेली होती. नामं, विभक्ती, क्रियापदाची जागा, सगळं खुणा करून सुधारलेलं, आणि खाली आकडा, ३१. मी म्हटलं, कोरी प्रत नाही का? म्हणाली, "आहे की. पण ही पण लाव."

दोन्ही लावल्या.