लेस रंगवताना: मास्किंग फ्लुइड, भोकं रंगवणं की पांढरा ग्वाश?

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. लेसची सगळी अडचण इथूनच सुरू होते. तैलरंगात गडद कापड रंगवून झाल्यावर शेवटी पांढऱ्याचे चार फटकारे मारता येतात. जलरंगात तो पांढरा आधीपासून सांभाळावा लागतो, तोही धाग्याच्या रुंदीचा. त्यासाठी तीन मार्ग सर्रास वापरले जातात. जाळी मास्किंग फ्लुइडने झाकून वरून बिनधास्त वॉश (पातळ रंगाचा सलग हात) द्यायचा, जाळीला हात न लावता फक्त तिच्यातली भोकं रंगवायची, किंवा गडद रंग आधी देऊन वर ग्वाशसारख्या अपारदर्शक पांढऱ्या जलरंगाने जाळी काढायची.

लेस जितकी नाजूक तितकं मास्किंग हवंच, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. निवड करताना लेसच्या मागे काय आहे आणि लेसला किती घड्या पडल्या आहेत, एवढंच बघावं.

मास्किंग फ्लुइडपासून सुरुवात करू, कारण नवशिक्याचा हात पहिल्यांदा त्याच बाटलीकडे जातो. हे मुळात अमोनिया घातलेलं द्रव रबर. वाळलं की त्याखाली पाणी शिरत नाही. त्यामुळे मागचा रंग ओल्यावर ओला सोडता येतो, एका कडेला निळा आणि दुसऱ्या कडेला तपकिरी असा वाहवता येतो, आणि जाळीच्या शेकडो भोकांत तो अखंड दिसतो. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत हे इतक्या सहज होत नाही. मागे मोठी, गडद, रंग बदलत जाणारी पार्श्वभूमी आणि पुढे सपाट पसरलेली लेस असेल, तर मास्किंगला तोड नाही.

त्याची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली रेषेत. ब्रशने लावलेलं फ्लुइड जाड बसतं आणि ब्रशही खातं. केसांना आधी साबण चोळून घेतला तर ब्रश वाचतो, रेषा मात्र जाडच राहते. बारीक जाळीसाठी रुलिंग पेन (रेषा आखायचं, दोन पात्यांचं पेन) किंवा टाकाची निब बरी. दुसरी किंमत कडांत. मास्किंग काढल्यावर प्रत्येक धागा सारखाच पांढरा, सारखाच धारदार निघतो आणि लेस कापडावर चिकटवल्यासारखी दिसते. पुष्कळ जण इथेच थांबतात. खरं तर अर्धं काम इथून पुढे असतं. ओलसर ब्रशने काही कडा विरघळवायच्या, सावलीतल्या भागावर फिकट करड्याचा हात द्यायचा आणि उजेडातले थोडेच धागे कोरे ठेवायचे.

बाटली हलवू नका, बुडबुडे येतात आणि वाळल्यावर तिथे बारीक छिद्रं राहतात. कागद पूर्ण कोरडा असल्याशिवाय फ्लुइड लावू नका आणि काढूही नका. हेअर ड्रायरची ऊब दिली किंवा दिवसेंदिवस तसंच ठेवलं, तर ते कागदाला घट्ट धरतं आणि निघताना पृष्ठभाग सोलून नेतं. ज्या कागदाला सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारी खळ) कमी, त्यावर हा धोका जास्त. कोपऱ्यात एक ठिपका लावून, वाळवून, काढून बघा. त्यात कागद टिकला तरच पुढे जा.

आता भोकं रंगवण्याची पद्धत, म्हणजे निगेटिव्ह पेंटिंग. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण लेस अंगावर पडलेली असेल, बाहीवर चुण्या घेऊन आली असेल किंवा टेबलाच्या कडेवरून खाली वळली असेल, तर मी हीच निवडते. याचं कारण भोकाच्या रंगात आहे. भोक म्हणजे मागची वस्तू. मनगटावर ते त्वचेच्या रंगाचं, घडीच्या पोटात गडद, आणि जिथे लेस स्वतःवरच दुमडली आहे तिथे जेमतेम करडं. मास्किंगमध्ये हा फरक वॉशच्या भरवशावर सोडावा लागतो. इथे प्रत्येक ठिपका तुमच्या हातात असतो.

आधी लेसचा सगळा आकार एकसंध कापड समजून रंगवा. कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून मिळणाऱ्या फिकट करड्याने घड्या आणि सावल्या बसवा, उजेडाची बाजू कोरी सोडा. हा टप्पा नीट झाला की एकही भोक नसताना ते पांढरं कापड वाटायला लागतं. मग टोक टिकणाऱ्या दोन किंवा तीन नंबरच्या राऊंड ब्रशने भोकं. फुलांच्या नक्षीभोवतीची मोठी भोकं आधी, जाळीची बारीक नंतर. सगळी काढायची नाहीत. उजेडात नक्षी जवळजवळ विरून जाऊ द्या आणि प्रकाश-सावलीच्या सीमेवर तपशील भरा. तिथे आठ-दहा भोकं नेमकी पडली की उरलेली बघणारा स्वतः भरून घेतो.

तोटा उघड आहे, वेळ लागतो. शिवाय भोकातला गडद रंग आणि बाहेरच्या कापडाचा गडद रंग जुळला नाही, तर दोन वेगळी कापडं दिसतात. म्हणून मिश्रण सुरुवातीलाच भरपूर करून ठेवा. जलरंग वाळल्यावर फिकटतो, तेव्हा ओला ठिपका मनातल्या छटेपेक्षा थोडा गडदच दिसायला हवा.

पांढऱ्या रंगाबद्दल पारदर्शक जलरंगवाल्यांच्या मनात एक अढी असते. काही प्रदर्शनांच्या नियमांतही त्याला मर्यादा असतात, तिथे चित्र पाठवणार असाल तर आधी नियम वाचा. एरवी ही अढी मला अनावश्यक वाटते. विन्सर अँड न्यूटनने जस्ताचा चायनीज व्हाइट १८३४ मध्ये बाजारात आणला, म्हणजे जलरंगाच्या डबीत पांढरा काही काल आलेला नाही. प्रश्न तो कुठे शोभतो एवढाच.

टायटॅनियम व्हाइट चांगला झाकतो, चायनीज व्हाइट अर्धवट पारदर्शक राहतो. गडद कापडावर धारदार धागा हवा तर टायटॅनियमचा ग्वाश घ्या. पातळ ओढणी किंवा ट्यूलसारखं झिरझिरीत काही दाखवायचं असेल तर चायनीज व्हाइट पाण्यात सैल करून एकच हात द्या, मागचं कापड त्यातून दिसत राहतं. ग्वाश साईइतका दाट आणि ब्रश रिगर, म्हणजे लांब बारीक केसांचा, हे जमलं की रेषा तुटत नाही. पाणी जास्त झालं तर खालचा रंग सुटून पांढऱ्यात मिसळतो आणि धागा मळकट होतो.

ग्वाशचा खरा दोष नंतर कळतो. तो वाळल्यावरही पाण्याने सुटतो, त्यामुळे लेस काढल्यावर तिच्यावर सावलीचा वॉश देता येत नाही. इथे पांढरी अॅक्रिलिक शाई उपयोगी पडते. निबने जाळी काढा, पूर्ण वाळू द्या आणि वरून घडीची सावली सरळ फिरवा. शाई हलत नाही आणि लेस कापडाबरोबर वळते. पांढरं जेल पेन सोपं आहे, पण त्याची रेषा सगळीकडे एकाच जाडीची. टाके किंवा काठावरचे दोन-चार चमकते ठिपके, यापलीकडे ते ताणू नये.

खरी लेस कागदावर ठेवून वरून रंग फवारण्याची युक्तीही आहे. गंमत म्हणून करा. ठसा सपाट येतो, घडी येत नाही.

तर गडद मखमलीवर सपाट लेस: मास्किंग किंवा अॅक्रिलिक शाई. त्वचेवर किंवा चुण्यांत: भोकं रंगवा. पांढऱ्या कापडावर पांढरी लेस असेल तर तिन्ही सोडा. तिथे धाग्यांची सावलीच रंगवायची, फिकट करड्यात, तीही एका बाजूने.

लेसखालचं कापडही याच वेळी ठरवावं लागतं. रेशमाला गडद आणि उजळ छटा एकमेकींना खेटून हव्यात, मधल्या छटा कमी आणि काही कडा धारदार. मखमलीचं उलट: घडीचा मधला भाग गडद आणि उजेड घडीच्या कडेवर, मऊ. ती ओल्यावर ओला रंग भरून घ्यावी आणि उजळ कडा ओलसर ब्रशने उचलून काढावी. उचलायचं असेल तर थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन टाळा, ते कागदात मुरतात. अल्ट्रामरिन बऱ्यापैकी सुटतो. लिनन आणि लोकरीला तोच अल्ट्रामरिन बर्न्ट सिएनाबरोबर द्या, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून पोत आपोआप येतो. वरून कोरडा ब्रश आडवा ओढला की पुरे.

कागदापाशी मात्र तडजोड अटळ आहे. हॉट प्रेसवर, म्हणजे गुळगुळीत कागदावर, निब अडकत नाही, भोकांच्या कडा स्वच्छ येतात आणि रंग सहज उचलता येतो, पण मोठा वॉश त्यावर डागाळतो. कोल्ड प्रेसवर, म्हणजे थोड्या खडबडीत कागदावर, वॉश छान बसतो आणि लिननचा पोत फुकट मिळतो, पण बारीक जाळीची रेषा खडबडते. लेस हाच चित्राचा विषय असेल तर ३०० जीएसएमचा कॉटन हॉट प्रेस घ्या. लेस पूर्ण माणसाच्या चित्रात गळ्याशी दोन बोटं एवढीच असेल, तर कोल्ड प्रेस चालेल. तिथे जाळी काढायचा हट्ट सोडा आणि काठाची नागमोड तेवढी अचूक ठेवा.