स्टोनहेंज ते स्टुअर्ट राजे: इंग्लंडचा जुना इतिहास मूळ कागदांतून शिकताना (काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव)

इंग्लंडचा इतिहास अगदी मुळापासून १७१४ पर्यंत, म्हणजे राणी ॲनच्या मृत्यूबरोबर स्टुअर्ट घराणं संपेपर्यंत, एकदा नीट शिकायचं ठरवलं आणि त्यासाठी दोन गोष्टी बरोबरीने वापरल्या. एक, पैसे भरून घेतलेला इंग्रजी व्हिडिओ अभ्यासक्रम. दुसरी, इंटरनेटवर कुणालाही वाचता येतील अशी त्या-त्या काळातली मूळ कागदपत्रं, भाषांतरासह. बरेच महिने दोन्ही सोबत चालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. अभ्यासक्रमाने क्रम दिला, नकाशे दिले, नावांचे उच्चार दिले. इतिहास कळला तो कागदांतून, त्यातही वसुलीच्या कागदांतून. कोणी कोणाकडून किती घ्यायचं आणि घेण्याआधी कोणाला विचारायचं, हा एकच धागा धरला तर सहाशे-सातशे वर्षं सरळ उलगडत जातात.

आधी अभ्यासक्रमाबद्दल. कोणत्या संस्थेचा ते महत्त्वाचं नाही, या विषयावरचे असे बरेच अभ्यासक्रम याच साच्यातले असतात. अँग्लो-सॅक्सन काळाची व्याख्यानं चांगली होती. व्हायकिंगांनी ७९३ मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला तिथपासून वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने ८७८ मध्ये एडिंग्टनला डेन सैन्याला हरवलं तिथपर्यंतची उलथापालथ नकाशावर हलत्या रेषांनी दाखवली होती, ती डोक्यात बसली. पुढे मात्र गाडी राजवाड्यातच अडकते. आठव्या हेन्रीच्या सहा बायकांना जितका वेळ दिलाय, त्याच्या चौथाईनेही वेळ १३४८ च्या प्लेगला नाही. चाचण्यांत विचारतात काय, तर सनावळ्या. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, पण एवढ्यावर कोणी थांबू नये.

आता मूळ कागदांकडे येतो. सुरुवात रोमनांपासून केली, कारण त्याआधीचं लिखित काहीच नाही. स्टोनहेंजसाठी वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून दगड आणले हे कळतं, कोणी आणि का आणले ते दगड सांगत नाहीत. लिहिता हात भेटतो तो इंग्लंडच्या उत्तर टोकाला, हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा छावणीत. पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली ही पत्रं १९७३ पासून सापडू लागली. इसवी सन १०० च्या आसपास क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई आपल्या मैत्रिणीला, छावणीच्या अधिकाऱ्याच्या बायकोला, वाढदिवसाचं बोलावणं पाठवते. तारीख ११ सप्टेंबर. मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आहे आणि शेवटी तिने स्वतःच्या हाताने चार ओळी जोडल्या आहेत, "ताई, वाट पाहते" अशा अर्थाच्या. 'रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन' या संकेतस्थळावर लॅटिन आणि इंग्रजी दोन्ही वाचता येतं. दुसऱ्या एका पट्टीवर कुणाला तरी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची नोंद आहे. साम्राज्याच्या टोकाला किती थंडी होती हे त्या एका ओळीत कळतं.

माझे सगळ्यात जास्त दिवस गेले ते डूम्सडे बुकात, म्हणजे अकराव्या शतकातल्या जमीन-पाहणीच्या दफ्तरात, आणि त्याचं मला समाधान आहे. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झालेल्या नॉर्मन विल्यमने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवून हुकूम काढला, की राज्यातली जमीन मोजा. १०८६ मध्ये अधिकारी फिरले. तेरा हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद झाली. लंडन आणि विंचेस्टर राहून गेली, उत्तरेचा बराच भाग आलाच नाही, तरीही युरोपात त्या काळातलं असं दुसरं काही नाही. त्या काळच्या इतिवृत्तकाराने चिडून लिहिलंय, की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही.

'ओपन डूम्सडे' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की नकाशा, आकडे आणि मूळ पानाचा फोटो समोर येतो. मी ग्रीनिच काढलं. नोंद साधारण अशी आहे: जमीन बिशपच्या ताब्यात, पूर्वी इथे दोन इस्टेटी होत्या, त्यातली एक हॅरॉल्डची. नांगर किती, कुळं किती, गुलाम किती, चार पाणचक्क्या, गवताची कुरणं, डुकरं चरतील एवढं रान. आधी किंमत आठ पौंड, आता बारा. आपल्याकडे सातबारा वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे पान परकं वाटणारच नाही. भोगवटादार बदलला, पीक तेच, आकार वाढला. हॅरॉल्ड म्हणजे हेस्टिंग्जला पडलेला राजा. एका राजवटीचा अंत इथे चार ओळींच्या नोंदीत दिसतो. आणि यॉर्कशरची पानं उघडली की गावामागून गावापुढे एकच शेरा येत राहतो, 'ओसाड'. १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमच्या फौजेने उत्तर कशी बेचिराख केली यावर अभ्यासक्रमातही चांगलं व्याख्यान होतं, पण तो शेरा ओळीने वाचताना जे वाटतं ते कुठल्याच व्याख्यानात नाही.

याच पुस्तकाचा पुढचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. जवळपास तीनशे वर्षांनी, १३७७ च्या सुमारास, दक्षिणेतल्या कित्येक गावांतल्या कुळांनी पैसे जमवून डूम्सडेतल्या आपल्या गावाच्या नोंदीच्या अधिकृत नकला काढल्या. आमचं गाव मुळात राजाच्या खासगीतलं होतं, म्हणून जमीनदाराची वेठ आम्हाला लागू नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. वसुलीसाठी केलेलं दफ्तर वसुली नाकारायला वापरलं गेलं. पार्लमेंटने त्यांना साथ दिली नाही. मग आला डोईपट्टीचा तिसरा फेरा, माणशी बारा पेन्स, गरीब-श्रीमंत न पाहता. १३८१ च्या उन्हाळ्यात एसेक्स आणि केंट पेटलं. बंडखोरांनी जागोजागी जमीनदारांची दफ्तरं शोधून जाळली. बंडाचा पुढारी वॉट टायलर १५ जूनला स्मिथफील्डमध्ये मारला गेला. हे बंड म्हणजे 'अडाणी जमावाचा उद्रेक' असं अजूनही काही ठिकाणी शिकवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. कोणता कागद आपल्या गळ्याभोवती आहे हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी प्रत्येकाने वाचाव्यात. पहिली राजाच्या खजिन्याची, म्हणजे एक्सचेकरची हिशेबपद्धत. शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, वसूल घेऊन आला की चौकड्यांच्या कापडावर मोहरा मांडून हिशेब होई आणि पावती म्हणून लाकडी काठीवर खाचा पाडत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोघांकडे एकेक फाक. जोडल्यावर खाचा जुळल्या की हिशेब खरा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही फसवता येणार नाही अशी पावती. ही पद्धत बंद पडल्यावर साठलेल्या जुन्या काठ्या १८३४ मध्ये भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्यात पार्लमेंटची इमारतच जळाली.

दुसरी मॅग्ना कार्टा, म्हणजे सरदारांनी १२१५ मध्ये राजा जॉनकडून मिळवलेली हक्कांची सनद, पण पूर्ण. सगळे ३९ वं कलम उद्धृत करतात, कायदेशीर निवाड्याशिवाय कुणाला अटक नाही. मला जास्त शिकवलं १२ व्या कलमाने: राज्याच्या सामाईक संमतीशिवाय कर नाही. १२१५ ची सनद पोपने दोन-अडीच महिन्यांत रद्द केली, आणि १२१६ मध्ये ती पुन्हा काढली तेव्हा हेच कलम गाळलं होतं. काय गाळलं जातं ते पाहिलं की खरं दुखणं कुठे होतं ते समजतं. आणि ३३ वं कलम नुसतंच थेम्ससह देशभरातल्या नद्यांतले मासेमारीचे बांध काढा असं सांगतं. मोठ्या तत्त्वांशेजारी नावाड्यांची अडचण, दोन्ही एकाच कातड्यावर.

ट्यूडर काळ, म्हणजे आठव्या हेन्रीच्या घराण्याचा, मी झरझर संपवला. त्यावर साहित्य उदंड आहे, ज्याला हवं त्याला मिळेल. फक्त १५३५ ची चर्चच्या उत्पन्नाची पाहणी जरूर बघा. कोणत्या मठाचं उत्पन्न किती हे लिहून झालं आणि पुढच्या पाच वर्षांत मठ खालसा झाले.

स्टुअर्टांसाठी 'ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन'ला तोड नाही. पार्लमेंटची कामकाजवही, सरकारी पत्रव्यवहार, सगळं शोधता येतं. पहिल्या चार्ल्सने पार्लमेंट न बोलावता किनाऱ्यावरची 'जहाजपट्टी' (नौदलासाठीचा कर) १६३५ मध्ये आतल्या परगण्यांवरही लावली. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने वीस शिलिंग भरायचं नाकारलं. १६३८ मध्ये निकाल सात विरुद्ध पाच, राजाच्या बाजूने. पाच न्यायाधीश राजाविरुद्ध गेले हेच लोकांच्या लक्षात राहिलं. मग ४ जानेवारी १६४२, राजा सैनिक घेऊन सभागृहात पाच सभासदांना पकडायला येतो आणि सभापती लेंथल गुडघे टेकून सांगतो, की सभागृह आज्ञा देईल तेवढंच पाहायला मला डोळे आहेत आणि तेवढंच बोलायला जीभ. सात वर्षांनी, ३० जानेवारी १६४९ ला, त्याच राजाचा शिरच्छेद झाला. १२१६ मध्ये गाळलेलं कलम आधी वाचलेलं असेल तर हे सगळं अचानक घडलं असं वाटत नाही.

मराठी वाचकाचं थेट नातं दुसऱ्या चार्ल्सपाशी जुळतं. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने त्याला मुंबई दिली. पण पोर्तुगीज गव्हर्नर बेट सोडेना. त्याची बातमी लंडनमध्ये नौदलाचा अधिकारी सॅम्युअल पीप्स १५ मे १६६३ च्या रोजनिशीत लिहितो, की पोर्तुगीजांनी मुंबईच्या बाबतीत आपल्याला फसवलं, राजा फार नाराज आहे आणि राणीला ते भोवेल अशी भीती वाटते. मुंबई घ्यायला आलेला अब्राहम शिपमन वाट पाहत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वारला. अखेर २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला सोन्यात भरायच्या दहा पौंड खंडाच्या बदल्यात, ३० सप्टेंबरला भरणा. आणि जमिनीचा धारा कोणता? 'केंट परगण्यातल्या पूर्व ग्रीनिच मॅनरप्रमाणे' (मॅनर म्हणजे जमीनदारी इस्टेट). मुंबईच्या इतिहासावरच्या लेखांत हे वाक्य गंमत म्हणून येतं. ती गंमत नाही. लष्करी चाकरी, अल्पवयीन वारसावरचा राजाचा ताबा वगैरे सरंजामी जाच नसलेली, ठरावीक खंडाची जमीनधारणा, असा त्याचा नेमका कायदेशीर अर्थ आहे. १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेतही हेच शब्द आहेत. नॉर्मनांनी घातलेली जमीनधारणेची घडी माहीत नसेल तर माझगाव-माहीमची ही सनद वाचूनही कळत नाही.

आता अडचणी. इंग्रजी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून चार्ल्सच्या शिरच्छेदाची तारीख मूळ कागदात ३० जानेवारी १६४८ अशी दिसते. शिवाय पोर्तुगीज नवी दिनदर्शिका वापरत, त्यामुळे मुंबईच्या कागदांत दोन्हीकडच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आणि 'मार्क' म्हणजे तेरा शिलिंग चार पेन्स, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पीप्सची फुकट मिळणारी आवृत्ती एकोणिसाव्या शतकातली, काही मजकूर गाळलेली आहे. सतराव्या शतकाच्या इंग्रजीची सवय व्हायला वेळ लागतो. मोठ्याने वाचलं की लवकर होते. मोबाईलवर डूम्सडेची पानं बघायला जाऊ नका, मोठा पडदा हवाच.

क्रम विचाराल तर: आधी अभ्यासक्रमातला एक भाग, लगेच त्याच काळातला एक कागद, आणि तो कागद संपेपर्यंत पुढचा भाग लावायचा नाही. इंग्रजी बरं असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला, वकिलाला, महसूल खात्यात काम केलेल्या कुणालाही हे जमेल. ज्यांना फक्त मुंबईपुरतं हवं आहे त्यांनी डूम्सडेतलं एखादं गाव, मॅग्ना कार्टाचं १२ वं कलम, हॅम्पडेनचा खटला आणि १६६८ ची सनद, एवढंच याच क्रमाने वाचावं. मी सध्या सुरतेच्या वखारीचा पत्रव्यवहार घेतला आहे.