सायकलनं घाट चढायचा: गोइंग-टू-द-सन की ट्रेल रिज?

अमेरिकेतल्या या दोन्ही रस्त्यांवर उन्हाळ्यात मोटारींची रांग लागते. त्यामुळे शांतता हवी असेल तर वेळ साधावी लागते, आणि तिथं मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानाचा गोइंग-टू-द-सन रोड सरळ बाजी मारतो. वसंतात यंत्रं बर्फ हटवत असतात तेव्हा मोटारींना फाटक बंद असतं, सायकलवाल्यांना मात्र ठरलेल्या हद्दीपर्यंत जाता येतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. कानावर फक्त वितळलेल्या पाण्याचा आवाज आणि आपलाच श्वास. या रस्त्याचा माथा म्हणजे लोगन पास, ही खिंड २,०२६ मीटरवर आहे. चढ साधारण सहा टक्क्यांचा, पण संपता संपत नाही. वळणावर घंटी वाजवत, मोठ्यानं बोलत जा. इथं ग्रिझली अस्वलं आहेत, आणि उतारावरची सायकल त्यांच्या पुढ्यात फार अचानक येते.

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रोड वेगळ्याच जातीचा. एस्टेस पार्कहून निघालात तर सुमारे १,४०० मीटर चढून ३,७१३ मीटरवर पोचता. तिथं पाय नाही, फुप्फुसं आधी हार मानतात. झाडं खाली राहिलेली असतात, वारा अडवायला काही नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. म्हणून पहाटेच निघायचं. तेव्हा गाड्याही कमी असतात.

दमवण्यात ट्रेल रिज वरचढ. पण मला एकच निवडायचा असेल तर मोटारी सुरू होण्याआधीचा ग्लेशियर. तेवढ्यासाठी लोगन पासपर्यंत पोचता आलं नाही तरी चालेल.