पाठीवरचा फ्लोट: फोम झकास, पट्टा भिकार

लेकीला पोहायला शिकवायचं म्हणून पाठीवर बांधायचा फोमचा फ्लोट मागवला. आम्ही विहिरीत शिकलो ते वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. डबा गळका निघाला की नाकातोंडात पाणी! फोमला ती भीती नाही. हवा बारीक बंद पोकळ्यांत कोंडलेली, चिरला तरी तरंगतो. चार थर आहेत, सराव होईल तसा एकेक काढायचा. लाइफ जॅकेट समजून नदीवर मात्र नेऊ नका, तोंड पाण्याबाहेर ठेवायची सोय यात नाही.

पट्ट्याने वैताग आणला. ओला झाला की बकलातून सरकतो नि फ्लोट मानेपाशी चढतो. तिसऱ्या दिवशी बायकोची जुनी ओढणी आणून गाठ मारली.